गल्ल्यावर कोण बसणार? : जुन्या कपड्यांचे दुकान आणि आपल्या तरुणांचे प्रशिक्षण

गडचिरोली जिल्ह्याचे नाव काढले की शहरातल्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एक बंदूक आणि दुसरी जुने कपडे. थंडी पडली की गाठोडी येतात, वाटप होते, फोटो निघतात आणि गाडी परत जाते. शहराशहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली, तिच्या खुंट्यांवर नको असलेले शर्ट लटकले आणि देणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरले. घेणाऱ्याच्या मनावर काय चढले, हे कोणी विचारले नाही.

आता या कामाला नवे रूप येत आहे. काही सामाजिक संस्था फुकट वाटपाऐवजी दुकान काढतात. दान मिळालेले कपडे, भांडी, पुस्तके, खेळणी छाटायची, धुवायची, दुरुस्त करायची आणि कमी किमतीत विकायची. नफा कोणाच्या खिशात जात नाही, तो संस्थेच्या कामाला लागतो. दुकानात स्थानिक मुले-मुली कामाला घेतात आणि त्यांना दुकानदारीचे प्रशिक्षण देतात. आरमोरीतही असे दुकान निघावे, असा विचार आम्हा कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडला गेला. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, दुसऱ्यांनी अंगावरून उतरवलेले कपडे आपण पुन्हा कशासाठी हाताळायचे? बाबासाहेबांनी यातूनच तर बाहेर काढले. दुसरा म्हणाला, पोरे नागपूरला जाऊन मॉलमध्ये बारा-बारा तास उभी राहतात, त्यापेक्षा गावात चार जणांना काम मिळत असेल तर वाईट काय?

आमचे म्हणणे असे की दोघांचेही बोलणे अर्धवट आहे. कपडा जुना की नवा हा खरा प्रश्न नाही आणि काम मिळते की नाही एवढाही तो नाही. त्या दुकानात गल्ल्यावर कोण बसणार आणि कामगारांना दिले जाणारे प्रशिक्षण त्यांना गल्ल्यापर्यंत नेणार की छाटणीच्या खोलीतच ठेवणार, हा खरा प्रश्न आहे.

कापड आणि जात

पहिल्या तटाचा राग आम्हाला समजतो, कारण त्याला इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असा नियम आहे. म्हणजे जुना कपडा देणे ही त्या व्यवस्थेत दया नव्हती, ती कायद्याने ठरवलेली पायरी होती. तुझ्या अंगावर काय असेल ते मी ठरवणार, एवढाच तिचा अर्थ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब स्त्रियांशी कपड्यांविषयी बोलले, हा योगायोग नाही. अंगावरच्या ज्या खुणांवरून लोक आपल्याला अस्पृश्य म्हणून ओळखतात त्या टाकून द्या, स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, असे त्यांनी सांगितले. मनूने अंगावर घातलेली खूण उतरवणे हा त्यांच्यासाठी लढ्याचा भाग होता.

यात आणखी एक गोष्ट आपली तरुण पिढी विसरली आहे. नागपूर-चांदा पट्ट्यात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा एक मोठा व्यवसाय होता. जो समाज गावासाठी कापड विणत होता, त्यालाच गावाचा जुना कपडा दानात मिळत होता! पुढे गिरण्या आल्या. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, हातमागाचे कापड मागे पडले आणि आपली माणसे गिरणीत गेली. मुंबईच्या गिरण्यांत मात्र त्यांना विणकाम खात्यात घेत नसत. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्या थुंकीचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त होता. म्हणजे विटाळ धाग्याला लागत होता आणि तोटा पगाराला होत होता. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. गिरणीतल्या त्या दोन खात्यांकडे पाहिले की ते सहज कळते.

हाच नियम आजच्या दुकानाला लावून पाहा. छाटणीची खोली हे एक खाते आहे आणि गल्ला हे दुसरे. कोणत्या खात्यात कोण उभा आहे, ते मोजा.

जुन्या कपड्याची दुसरी परंपरा

जुना कपडा म्हणजे अपमानच, हे मात्र आम्ही मान्य करत नाही. आपण बौद्ध आहोत आणि आपल्याकडे जुन्या कपड्याची दुसरी परंपरा आहे. भिक्खूंचे पांसुकूल चीवर टाकून दिलेल्या चिंध्यांचे असे. उकिरड्यावरच्या, रस्त्यावरच्या, स्मशानातल्या सुद्धा. मनूने चांडाळावर लादलेले तेच मृताचे वस्त्र भिक्खूने आपण होऊन उचलले, धुतले, तुकडे शिवले, रंगवले आणि अंगावर घेतले. विनयपिटकात सांगितले आहे की मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशा आकाराचे चीवर करता येईल का असे विचारले आणि आनंदाने ते करून दाखवले. वैनगंगेच्या काठच्या धानाच्या बांध्या रोज पाहणाऱ्या आपल्या माणसांना हा नमुना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

कपडा तोच असताना फरक कशाने पडला? तीन गोष्टींनी. एक, निवड घेणाऱ्याची होती, देणाऱ्याची नव्हती. दोन, त्या कपड्यावर स्वतःचे श्रम आणि कौशल्य खर्च झाले होते. तीन, शाक्य कुळातला अनिरुद्ध असो की केस कापणारा उपाली, संघात सर्वांना चीवराचा नियम एकच होता. निवड, कौशल्य आणि समता. जुन्या कपड्याच्या दुकानाची आणि तिथल्या प्रशिक्षणाची परीक्षा आम्ही याच तीन कसोट्यांवर घेणार आहोत. फुकट वाटपात या तिन्हींपैकी एकही नसते. दुकानात पहिली थोडीफार येते, कारण गिऱ्हाईक दहा शर्ट पाहून एक घेतो, पैसे मोजतो आणि कोणाचे उपकार न घेता बाहेर पडतो. दुसरी आणि तिसरी मात्र आपोआप येत नाही. ती प्रशिक्षणातून आणि कामाच्या वाटणीतून आणावी लागते.

फळीच्या पलीकडची बाजू

संविधानाच्या कलम १५(२) ने दुकानात प्रवेश करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. कधीकाळी दुकानाबाहेर उभे राहून लांबून पैसे टाकणाऱ्या आपल्या आजी-आजोबांसाठी ही क्रांती होती. पण हा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. फळीच्या पलीकडे, विकणाऱ्याच्या जागी आपण किती पोहोचलो?

गावातल्या अस्पृश्याला व्यापाराचा मार्ग बंद होता, कारण त्याच्या हातचे कोणी विकत घेत नसे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ते त्यांनी स्वतःही भोगले. पहिल्या परदेश शिक्षणानंतर मुंबईत परतल्यावर त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत, तर आरमोरीच्या बारावी झालेल्या पोरीची काय कथा? आजही आमच्या भागात आपल्या बाईने चहा-नाश्त्याची टपरी टाकली की गिऱ्हाईक मोजकेच येते, हे सर्वांना माहीत आहे. कोणी बोलून दाखवत नाही, फक्त पुढच्या टपरीवर जाते.

म्हणून गल्ल्यावरची जागा ही नुसती नोकरी नाही. माल ओळखणे, भाव ठरवणे, पैसे हाताळणे, हिशेब लिहिणे आणि अनोळखी माणसाशी बरोबरीने बोलणे या पाच गोष्टींपासून आपल्याला पिढ्यानपिढ्या दूर ठेवले गेले. त्या पाचही गोष्टी एका लहान दुकानात एकाच ठिकाणी शिकता येतात. म्हणून 'असले दुकान नकोच' म्हणणाऱ्या मित्रांशी आम्ही सहमत नाही. शाळा कुठली का असेना, विद्या आपली झाली पाहिजे.

इतरांनी काय केले

हा प्रयोग जगात नवा नाही. अमेरिकेत १९०२ मध्ये बोस्टन शहरात एडगर हेल्म्स नावाच्या धर्मगुरूने श्रीमंत वस्तीतून जुन्या वस्तू गोळा केल्या, गरीब लोकांना त्या दुरुस्त करण्याचे काम दिले आणि विक्रीतून त्यांची मजुरी काढली. त्यातून 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. 'दान नव्हे, संधी' हे त्यांचे बोधवाक्य. आज तिची हजारो दुकाने आहेत आणि कामाचे प्रशिक्षण हा तिचा मुख्य दावा आहे. पण त्याच अमेरिकेत १९३८ च्या श्रम कायद्यातील एका तरतुदीने अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देण्याची सवलत मिळते आणि गुडविलच्या काही शाखांनी तिचा वापर केला, म्हणून तिच्यावर मोठी टीका झाली. म्हणजे 'आम्ही तुला शिकवतो आहोत' हे वाक्य कमी पगाराचे कारण होऊ शकते. हा धडा आपण आधीच घेतला पाहिजे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफॅमने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डला दुकान काढले. तिथली दुकाने मुख्यतः बिनपगारी स्वयंसेवकांवर चालतात. पेन्शन मिळणाऱ्या, पोट भरलेल्या माणसाने आठवड्यातून दोन दिवस दुकानात उभे राहणे ही सेवा आहे. रोवणी आणि कापणीच्या मजुरीवर घर चालणाऱ्या बाईला 'स्वयंसेविका' म्हणून उभे करणे ही सेवा नाही, त्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

आपल्या देशात १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी दिल्लीत 'गूंज' सुरू केली. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा भीक म्हणून नको, गावाने स्वतः ठरवलेल्या कामाचा मान म्हणून द्यावा, हा विचार त्यांनी मांडला. लोक विहीर खोदतात, रस्ता करतात आणि कपडे घेतात. फोटोसाठी केलेल्या वाटपापेक्षा हा विचार निश्चितच पुढचा आहे. तरीही श्रमाचा मोबदला रोख पैशात न मिळता वस्तूत मिळतो, तेव्हा ज्याला बलुत्याची आठवण येते त्याला आम्ही चूक म्हणणार नाही. रोख पैसा हातात आला की तो कशावर खर्च करायचा हे आपण ठरवतो. बाबासाहेबांनी गाव सोडून शहराकडे जा म्हटले, त्यामागे रोख मजुरीचे हे स्वातंत्र्यही होते.

प्रशिक्षण म्हणजे हसतमुख उभे राहणे नव्हे

आता मुख्य मुद्दा. दुकानातल्या कामगारांचे प्रशिक्षण म्हटले की बहुतेक ठिकाणी काय होते? एक दिवसाची कार्यशाळा, पडद्यावर चित्रे, 'ग्राहक हाच देव', नमस्कार कसा करावा, गणवेश कसा घालावा, आणि शेवटी प्रमाणपत्रासह फोटो. आमच्या ओळखीच्या मुलींनी शहरातल्या दुकानांत वर्ष-वर्ष काम केले. कपड्यांच्या घड्या घालण्यात त्या तरबेज झाल्या. दिवसाचा हिशेब कसा बंद करतात, हे मात्र त्यांना एकदाही कोणी दाखवले नाही. याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, याला वापरून घेणे म्हणतात.

जुन्या वस्तूंच्या दुकानात खरे तर नव्या कपड्यांच्या दुकानापेक्षा जास्त कौशल्य लागते. नव्या दुकानात भाव छापून येतो, इथे प्रत्येक नग वेगळा. म्हणून कामाचे पाच टप्पे आम्ही नीट मांडतो.

पहिला, छाटणी. आलेल्या गाठोड्याचे तीन ढीग करायचे: जसेच्या तसे विकण्याजोगे, दुरुस्त करून विकण्याजोगे आणि चिंधी. कॉलर, काख, चेन, शिवण आणि काठ तपासायचा. कापड उजेडासमोर धरायचे म्हणजे विरलेले कळते. सुती, लोकरी, पॉलिस्टर ओळखता आले पाहिजे. खिसे तपासताना टाचणी, सुई, ब्लेड लागू शकते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला मास्क ही चैन नाही, तो हक्क आहे. खिशात पैसे किंवा कागद सापडले तर कुठे नोंदवायचे, याचा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा. नाहीतर उद्या चोरीचा आळ कोणावर येणार, हे आपल्याला सांगायला नको.

दुसरा, धुणे आणि दुरुस्ती. बटण, चेन, काठ, ऑल्टर. आरमोरी ही कोशाच्या कापडाची जागा आहे. इथे कापड कळणारे हात आहेत, त्यांना शिकवणारे म्हणून मानाने बोलवा.

तिसरा, भाव. हा सगळ्यात मोठा धडा, कारण भाव ठरवणे म्हणजे सत्ता. शिकाऊ मुलीने वीस नगांना स्वतः भाव लावायचा, अनुभवी कामगाराने त्याच वीस नगांना वेगळा लावायचा, मग दोघींनी बसून फरक का पडला ते बोलायचे. गिऱ्हाइकाचे तोंड पाहून भाव ठरवायचा नाही, कपडा पाहून ठरवायचा. चिठ्ठीवर तारीख टाकायची, ठरावीक आठवड्यांत गेला नाही तर भाव उतरवायचा आणि तरीही राहिला तर गोधडीकडे किंवा पायपुसण्याकडे वळवायचा. या विषयात शिक्षक शोधायला पुण्या-मुंबईला जाऊ नका. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया, ज्यांना बोहारीण म्हणतात, साडी हातात घेताच तिची किंमत सांगतात. त्यांतल्या बहुतेक भटक्या-विमुक्त समाजातल्या आहेत. त्यांना मानधनावर नव्हे, तज्ज्ञाच्या फीवर बोलवा.

चौथा, गिऱ्हाईक. आमच्या भागात कोणाचे आडनाव विचारणे म्हणजे जात विचारणे. म्हणून नियम सोपा: बिलासाठी लागत नाही ते विचारायचे नाही. कोणाची गरिबी विचारायची नाही, 'हे तुम्हाला परवडेल' असे म्हणायचे नाही. कपडा अंगाला लावून पाहू द्यायचा, न घेता परत ठेवला तरी कपाळाला आठी घालायची नाही. गोंडी बोलणारे गिऱ्हाईक येते तेव्हा गोंडी जाणणारी मुलगी ही दुकानाची ताकद आहे. तिचे ते कौशल्य कागदावर नोंदवा आणि पगारात मोजा. आणि एखादे गिऱ्हाईक जातीवरून बोलले तर काय करायचे, हे सुद्धा प्रशिक्षणात हवे. कामगाराने गप्प बसायचे नाही, व्यवस्थापनाने त्याच्या बाजूने उभे राहायचे. 'ग्राहक देव' असेल, पण त्या देवाला ॲट्रॉसिटी कायदा लागू आहे. धंदा किंवा नोकरी करण्यापासून कोणाला जातीवरून अडवणे, हाही २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याखाली गुन्हा आहे.

पाचवा, गल्ला. सकाळची शिल्लक, बिले, मोबाइलवरून आलेले पैसे, संध्याकाळचा ताळा, बँकेचा भरणा, मालाची नोंदवही. ज्या दिवशी ही वही मुलीच्या अक्षरात भरली जाईल, त्या दिवशी तिचे प्रशिक्षण सुरू झाले असे आम्ही मानू.

शिकवण्याची रीत

काय शिकवायचे इतकेच कसे शिकवायचे हेही महत्त्वाचे. आधी करून दाखवा, मग सोबत करा, मग एकट्याने करू द्या आणि जवळ उभे राहा. दुकान उघडण्याआधी रोज दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र बोलायचे: काल काय विकले, काय परत आले, आज कोण कुठे. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी वेगळे बसून बोलायचे. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर बोलायचे नाही. 'बेरीज चुकली' म्हणायचे, 'तुला जमतच नाही' म्हणायचे नाही. दुसरे वाक्य आपल्या पिढ्यांनी शाळेपासून ऐकले आहे, त्याने कोणी शिकत नाही, फक्त वर्ग सोडून जाते. आणि बरोबर केले तर तेही नेमके सांगा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाळी फिरती ठेवा. प्रत्येकाच्या नावाचे एक कार्ड असावे, त्यावर पाच टप्पे लिहावेत आणि सहा महिन्यांत प्रत्येक कामगार पाचही कामांवर उभा राहिला पाहिजे. छाटणीच्या खोलीत व्यवस्थापकानेही आठवड्यातून एक पाळी करावी. उपालीच्या आणि अनिरुद्धाच्या चीवराला एकच नियम होता तो असा. जिथे एका जातीची माणसे कायम छाटणीत आणि दुसरीची कायम गल्ल्यावर दिसतील, तिथे फलकावर बाबासाहेबांचा फोटो असला तरी आत मनूच बसला आहे.

शिवाय हे शिक्षण दुकानाबाहेर चालले पाहिजे. किरकोळ विक्री क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने कॅशियर, सेल्स असोसिएट, स्टोअर मॅनेजर अशा पदांचे अभ्यासक्रम ठरवले आहेत. संस्थेने आपल्या कामगारांना ती मान्यताप्राप्त परीक्षा द्यायला लावावी आणि तिचा खर्च उचलावा. आणि वर्षभरात पुढचा प्रशिक्षक त्याच कामगारांतून निघाला पाहिजे. दर वर्षी नागपूरहून प्रशिक्षक येत असेल तर समजा, शिकवले काहीच नाही.

सेवा, मानधन आणि वेतन

'ना नफा' हा शब्द ऐकला की आपले कार्यकर्ते हळवे होतात. संस्था नफा घेत नाही, मग आपण पगार कसा मागायचा? मित्रांनो, संस्थेने नफा घ्यायचा नाही हा नियम संस्थेसाठी आहे. कामगाराने पोटाला चिमटा काढावा असा त्याचा अर्थ नाही. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले, १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्यात पुण्यकर्माला सूट ठेवलेली नव्हती.

१९८३ च्या संजित रॉय खटल्यात तर प्रश्न नेमका हाच होता. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना, ज्यात अनुसूचित जातींच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळत होती. हे तर मदतकार्य आहे, असा सरकारचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मदतीच्या नावाखाली सुद्धा किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, ते संविधानाच्या कलम २३ चे उल्लंघन आहे. हे कलम वेठबिगारीविरुद्ध आहे. 'मानधन', 'प्रोत्साहन भत्ता', 'शिकाऊ सेवाव्रती' असे गोड शब्द कोणी वापरले की हा निकाल आठवा.

आणखी एक फट लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुख्यतः १० किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती मर्यादा २० वर नेण्याचा आणि रोजचे कामाचे तास ९ वरून १० करण्याचा निर्णय घेतला. आरमोरीतल्या दुकानात पाच-सहा माणसे असणार. म्हणजे तास, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दुप्पट दर यांची हमी कायद्यातून मिळेलच असे नाही. ती नेमणूकपत्रात लिहून घ्या. गल्ल्यात पैसे कमी आले तर म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय पगारातून कपात नाही, हेही लिहून घ्या. आणि बसायला स्टूल मागा. हसू नका. कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये केरळने तो कायद्यात आणला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने. दिवसभर उभे ठेवणे ही शिस्त नव्हती, ती मालकाची हौस होती.

शेवटी काय करायचे

काही मित्र विचारतील, एवढ्या अटी घातल्या तर दुकान चालेल का? आमचे उत्तर असे की माल दानात मिळतो, तेव्हा खर्च उरतो तो मुख्यतः माणसांचा आणि भाड्याचा. ज्या दुकानाला माल फुकट मिळूनही माणसाला किमान वेतन देता येत नाही, त्याचा हिशेब कुठेतरी चुकला आहे. तो हिशेब कामगारांसमोर उघडा ठेवा, तेच मार्ग काढतील. धान निघाल्यावर लोकांच्या हातात पैसा येतो, दिवाळीनंतर मंडया भरतात, शाळा सुरू होताना गणवेश आणि दप्तरे लागतात, थंडीत स्वेटर. बाजाराचे हे गणित इथल्या पोरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. आणि हो, १४ एप्रिलला आपली माणसे नवेच कपडे घेतील, घेऊ द्या. ज्याने मुलाच्या अंगावर नवा कपडा घालायला वर्षभर पैसे साठवले त्याला काटकसरीचे धडे देण्याचा अधिकार कोणाला नाही.

तरुण मित्रांनो आणि भगिनींनो, उद्या तुम्हाला अशा दुकानात बोलावणे आले तर मुलाखतीत चार प्रश्न तुम्हीच विचारा. पगार किती आणि तो लेखी देणार का? छाटणीची पाळी सगळ्यांना आहे का? गल्ल्यावर मी कितव्या महिन्यात बसेन? दुकानाचा हिशेब मला पाहता येईल का? चारही उत्तरे मिळाली तर जा, मन लावून शिका आणि दोन वर्षांत स्वतःचे किंवा बचत गटाचे दुकान काढण्याची तयारी करा. उत्तरे टाळली तर नम्रपणे नमस्कार करा आणि बाहेर या.

कार्यकर्त्यांनीही आपले काम ओळखावे. आपल्या तालुक्यात असे दुकान निघत असेल तर उद्घाटनाच्या फितीजवळ उभे राहू नका. सहा महिन्यांनी जा आणि पाहा, वहीत कोणाचे अक्षर आहे.

जय भीम!